उच्चारशुद्धी : दहापैकी चार

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. नगरपालिका, रस्ते, पाणीपट्टी यातलं काही नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहितोय. ती चूक मी एकट्यानं केलेली नाही, दोनशे वर्षांपासून आपण सगळे मिळून करत आलोय, म्हणून जाहीर लिहितोय. सवडीनं वाचा.

तीन वर्षांपूर्वी आपल्या विट्यात शाळांची वक्तृत्व स्पर्धा होती. अशा ठिकाणी पत्रकाराला परीक्षक म्हणून बोलावतात. शाल, नारळ, गुलाबाचं फूल आणि हातात गुणपत्रिका. पत्रिकेवर चार रकाने होते : विषयाची मांडणी, भाषा, सभाधीटपणा आणि उच्चारशुद्धी. प्रत्येकाला दहा गुण.

आटपाडीकडच्या एका वाडीतली नववीतली पोरगी बोलायला उभी राहिली. विषय पाणी. टेंभू योजनेचं पाणी पहिल्यांदा त्यांच्या शिवारात आलं, त्या दिवशी तिची आजी काय करत होती ते तिनं सांगितलं. 'पानी आलं तवा आजी कायबी बोलली न्हाई. चप्पल काडली आन् निसती पान्यात हुबी ऱ्हायली.' सभागृहात पंखे तेवढे वाजत होते. माझ्याही घशात काहीतरी अडकलं. आणि तरीसुद्धा तिचं भाषण संपल्यावर मी पेन उचललं आणि उच्चारशुद्धीच्या रकान्यात चार लिहिले. पानी, आनि, कोनी. न आणि ण. नियम म्हणजे नियम.

ती चौथी आली. पहिल्या नंबराचं भाषण आज मला एक ओळ आठवत नाही, एवढं ते शुद्ध होतं. बक्षीस समारंभानंतर ती माझ्याजवळ आली. 'सर, माझं कुटं चुकलं?' मी परीक्षकाच्या थाटात म्हणालो, 'बाळा, तेवढं न-ण कडं लक्ष दे.' 'बरं सर' म्हणाली आणि गेली. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. तिच्या सरांना विचारलं, तर म्हणाले, 'ती आता स्टेजवर बोलत नाही. लिहून देते म्हणते.'

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतोय. मी काही भाषाशास्त्रज्ञ नाही, पत्रकारितेची पदविका घेतलेला माणूस. पण बातमीत आपण विचारतो तसाच प्रश्न इथंही विचारला : हे 'शुद्ध' ठरवलं कुणी, आणि कधी?

आपल्याकडचं उत्तर फार जुनं नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली. कंपनी सरकारला कारभारासाठी आणि शाळांसाठी मराठी कुठलीतरी एक ठरवायची होती. तेव्हा दप्तरं ज्यांच्या हातात होती, लिहिणं-वाचणं ज्यांच्याकडं होतं, त्यांचीच मराठी पुढं येणार हे उघड होतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ ला निघाला. त्याच्या मदतीला थॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधू होते आणि शब्द गोळा करायला बसले होते ब्राह्मण शास्त्री-पंडित. १८३६ ला दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं. पुढं थॉमस कँडी शाळांच्या क्रमिक पुस्तकांची भाषा तपासत राहिले. म्हणजे गंमत बघा, मराठी मुलानं कुठली मराठी वाचावी यात एका इंग्रज मेजरचा हात होता. कोश मोठाच आहे, आजही उघडावा लागतो. पण पुण्याची शिकलेली मराठी ही 'मराठी' आणि बाकीची 'बोली', ही विभागणी त्या काळात पक्की झाली. तिला व्याकरणाचा आधार नंतर मिळाला. आधी होता तो सत्तेचा आणि शिक्षणाचा.

आणि मग त्या मराठीची काठी झाली. महात्मा फुल्यांनी लिहायला घेतलं तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. फुले काय म्हणतायत याला उत्तर देणं अवघड होतं. कसं म्हणतायत यावर हसणं सोपं होतं. मी त्या पोरीला चार गुण दिले तेव्हा त्याच रांगेत जाऊन उभा राहिलो, हे कबूल करायला हवं.

बोलींकडं अभ्यासाच्या नजरेनं बघायचा पहिला मोठा प्रयत्नही साहेबानंच केला. जॉर्ज ग्रियर्सन हा सनदी अधिकारी. त्यानं देशभर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत एकच मजकूर पाठवला, बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट, आणि प्रत्येक ठिकाणच्या बोलीत ती लिहून मागवली. त्यातून १७९ भाषा आणि ५४४ बोलींची नोंद झाली. मराठीचा खंड १९०५ चा. काम अफाट आहे. पण एका जागेचा एक नमुना म्हणजे ती बोली, हा हिशोब खरा धरला तर विट्याची बोली म्हणून कुणाची गोष्ट लिहून घ्यायची? पेठेतल्या व्यापाऱ्याची, मळ्यातल्या बाईची, की बाहेरच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्याची? कोकणातल्या नोंदी करताना ग्रियर्सनलाही कोळी, आगरी, कुणबी अशी जातीचीच नावं बोलीला द्यावी लागली. म्हणजे भाषा बदलते ती नुसती कोसाकोसावर नाही, उंबऱ्याउंबऱ्यावर, हे कागदावर दिसत होतं. त्याचा हिशोब कसा मांडायचा, ते मात्र अजून कुणाला सुचलं नव्हतं.

तो हिशोब मांडला न्यूयॉर्कमध्ये विल्यम लबॉव्ह नावाच्या माणसानं. हा किस्सा मला फार आवडतो, कारण यात बातमीदाराची युक्ती आहे. न्यूयॉर्कचे लोक शब्दातला 'र' कधी उच्चारतात, कधी गिळतात. कोण केव्हा गिळतो हे शोधायचं होतं. १९६२ साली लबॉव्ह तीन दुकानांत गेला : एक श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गाचं, एक स्वस्तातलं. कुठली वस्तू चौथ्या मजल्यावर मिळते हे आधीच बघून ठेवायचं आणि नोकराला विचारायचं, अमुक वस्तू कुठंय? तो म्हणणार 'फोर्थ फ्लोअर'. दोन शब्द, दोन 'र'. मग ऐकू न आल्याचं नाटक करायचं. तो परत, जरा नीट म्हणणार. बाजूला जाऊन वहीत टिपून घ्यायचं. ना ओळख, ना मुलाखत, ना माइक. अशी २६४ माणसं त्यानं ऐकली. भारी दुकानात ६२ टक्के नोकरांनी 'र' पूर्ण किंवा थोडाफार उच्चारला, मधल्या दुकानात ५१ टक्के, स्वस्त दुकानात जेमतेम विसेक टक्के.

लक्षात घ्या, हे दुकानातले नोकर होते, गिऱ्हाईक नव्हे. त्यांच्यात पगाराचा फार मोठा फरक असेल असं नाही. पण ज्या काउंटरमागं उभे होते त्याचा रंग त्यांच्या जिभेला चढला होता. आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर पुष्कळांनी जास्त काळजीपूर्वक 'र' लावला. म्हणजे प्रत्येकाला माहीत होतं की 'बरं' काय समजलं जातं.

यातला खरा गंमतीचा भाग पुढंच आहे. न्यूयॉर्कमध्ये 'र' गिळणं हलकं समजतात. समुद्र ओलांडून लंडनला जा, तिथली वरच्या वर्गाची, जुन्या बीबीसीची इंग्रजी हाच 'र' गिळते आणि तीच थोरामोठ्यांची भाषा. आवाज तोच, किंमत उलटी. मग दोष आवाजात कसा असेल? आपल्या न-ण चंही हेच आहे. हिंदीत 'पानी' म्हणणारा शुद्ध हिंदी बोलतो. तोच शब्द तसाच आमच्या माणदेशातली बाई म्हणते तेव्हा ती अडाणी ठरते. हा न्याय मला तरी नंतर कुणाला समजावून सांगता आलेला नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं. तर नाही. आपल्या अंगणात बघा. कुपवाड आपल्याला सांगली-मिरजेजवळची एमआयडीसी म्हणून माहीत. जगभरच्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र 'कुपवार' हे नाव अभ्यासक्रमातून माहीत आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांचा तिथला अभ्यास १९७१ साली छापून आला. तेव्हा तीनेक हजार वस्तीचं गाव. जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, दलित आणि इतर काही घरांत मराठी, दोरखंड वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू. शेकडो वर्षं हे लोक एकाच शिवारात राबत होते. घरात आपापली भाषा, आणि जातीजातींमधल्या व्यवहाराला मराठी, कारण ती तिथल्या बड्या जमीनदारांपैकी कुणाचीच घरची नव्हती.

झालं काय, तर शब्द वेगळे राहिले आणि वाक्याचा सांगाडा एक झाला. कानडीत निर्जीव वस्तूला तो-ती नसतं. म्हणून तिथल्या उर्दूत 'नदी आया', आणि मराठीतही 'नदी आलं'. एका भाषेतलं वाक्य जागच्या जागी शब्द बदलून दुसऱ्या भाषेत नेता येतं, इतकी व्याकरणं जवळ आलेली. मग भाषा एकच का झाली नाही? कारण घराचा उंबरा. बांधावर एकत्र, चुलीपाशी वेगळे. व्याकरणानं शेजार पाळला आणि शब्दांनी जात पाळली. पुढं चाळीसेक वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी तिथं जाऊन पुन्हा तपासणी केली आणि आधीच्या दाव्याची चिकित्सा केली. मधल्या काळात शाळा मराठी झाल्या होती, गावाचं शहर होत होतं. जुनं समीकरण तसंच राहणं शक्य नव्हतं.

याच गंपर्झचं त्याआधीचं काम मला जास्त अस्वस्थ करतं. उत्तर प्रदेशातल्या सहारनपूर जिल्ह्यातलं खलापूर हे गाव, अभ्यास १९५८ चा. तिथं बहुतेक स्पृश्य जातींची बोली साधारण सारखी, पण अस्पृश्य मानलेल्या जातींची वेगळी पडत होती. आता या लोकांचं रोजचं काम वरच्या जातींच्या शेतावर आणि दारातच होतं. दिवसभर कानावर तीच बोली. मग जिभेवर का आली नाही? गंपर्झचं उत्तर असं की कामाचं बोलणं भाषा बदलत नाही. भाषा बदलते ती निवांत बसण्यानं, मैत्रीनं, पोरांच्या एकत्र खेळण्यानं. आणि ती पोरं एकत्र खेळत नव्हती.

हे वाचून मी पुस्तक मिटवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. माझ्या बोलण्यात ण आला तो कुठून? आमची आजी 'पानी'च म्हणायची. माझ्या वडिलांना नोकरी लागली, आम्ही चाळीत राहायला आलो, शेजारी शिक्षकांची घरं होती आणि त्यांच्या पोरांबरोबर मी क्रिकेट खेळलो. ण मला क्रिकेटनं दिला. त्या वाडीवरच्या पोरीला तसा शेजार मिळाला नाही, आणि मी तिला त्याबद्दल सहा गुण दंड केला.

जरा उलटं उदाहरणही बघा. आपल्या तालुक्यातली गलाईवाली मंडळी देशभर पसरलीत. दिवाळीला, यात्रेला गाड्या घेऊन येतात. त्यांची पोरं तमिळ, मल्याळम, हिंदी, इंग्रजी घातलेली मराठी बोलतात. लिंग चुकतं, क्रियापद चुकतं. हसतो का कुणी? उलट कौतुक करतो, 'पोरगं चार भाषा बोलतंय.' चूक कुणाच्या तोंडून आली यावर तिचं नाव ठरतं.

आता फलटण. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन हे नाव आपल्यापैकी बऱ्याच शिक्षकांना माहीत असेल ते त्यांच्या शाळेमुळं. मूळच्या अमेरिकेच्या. १९६० च्या दशकात फलटणला आल्या त्या भाषेचा अभ्यास करायला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला त्यांनी १९७३ साली जो प्रबंध दिला त्याचा विषयच फलटणचं बोलणं. एका तालुक्याच्या गावात, एकच मराठी बोलणाऱ्या लोकांत, जातीनं, शिक्षणानं, परिस्थितीनं बोलणं कसं कसं बदलतं. ज्या काळात आपले साहित्यिक 'ग्रामीण बोली' असा एकच डबा करून सगळं त्यात कोंबत होते, त्या काळात ही बाई एका गावातल्या फरकांची मोजदाद करत होती. आणि प्रबंध झाल्यावर त्या परत गेल्या नाहीत. भारताचं नागरिकत्व घेतलं, फलटणमध्ये गरीब वस्तीतल्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवायला लागल्या, प्रगत शिक्षण संस्था उभी केली. अभ्यासकानं असंच करावं असं मी म्हणत नाही. पण माणसं कशी बोलतात हे इतक्या जवळून ऐकल्यावर, शाळेत गप्प बसणारं मूल का गप्प बसतं हे कळत असणार.

ऐकणं हीच या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. लबॉव्हनंच मांडलेला पेच आहे : कुणी ऐकत नसताना लोक कसे बोलतात हे अभ्यासकाला हवं असतं, आणि ते मिळवायला ऐकावं तर लागतंच. आम्हा बातमीदारांना हे रोज दिसतं. टँकरच्या रांगेतली बाई माझ्याशी बोलताना म्हणते, 'चार दिस झालं, हंडाभर पानी न्हाई.' मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं की तीच बाई म्हणते, 'आमच्या इथे पाण्याची समस्या आहे.' समस्या! हा शब्द तिनं घरात जन्मात वापरला नसेल. लबॉव्ह यावर एक उपाय करायचा. माणसाला विचारायचं, कधी मरता मरता वाचलात का? तो प्रसंग सांगायला लागला की माणूस माइक विसरतो आणि घरच्यासारखा बोलतो. डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलंय, त्यात गावोगावी जाऊन लोकांना छोटे व्हिडिओ दाखवले. आता यात काय झालं ते सांगा, असं विचारलं. वेगवेगळ्या वयाची, जातीची, शिकलेली न शिकलेली माणसं. त्यांचे आवाज वेबसाइटवर ऐकायला ठेवलेत. एकदा जरूर ऐका. आपल्या मातीतला माणूस तिथं न लाजता बोलताना ऐकला की बरं वाटतं.

आणि आम्ही पत्रकार काय करतो? माझं सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला दुष्काळाची बातमी केली होती. एका म्हातारीचं बोलणं मी अवतरणचिन्हात छापलं : 'पाण्याअभावी आमचे अतोनात हाल होत आहेत.' आठवड्यानं त्या गावात परत गेलो, तर नातीनं तिला बातमी वाचून दाखवलेली. म्हातारी म्हणाली, 'लेकरा, ह्ये म्या कवा म्हनलं? ही कोन दुसरीच बाई दिसतीया.' मी हसलो होतो तेव्हा. डेस्कची शिस्त, प्रमाणभाषेचा नियम, असं काहीबाही मनाशी म्हणालो. आज वाटतं, अवतरणचिन्हात दुसऱ्याचं बोलणं बदलून छापलं तर आकड्यांच्या बाबतीत आपण त्याला खोटी बातमी म्हणतो.

प्रमाण मराठी नकोच, असं मी म्हणत नाहीये. नको त्या कमेंट करू नका. सातबारा, कोर्टाचा निकाल, औषधाची चिठ्ठी, परीक्षेचा पेपर, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांना कळेल अशी एक लिखित भाषा लागते. ही पोस्टही मी बरीचशी तिच्यातच लिहितोय. पोरांना ती शिकवायलाच हवी, आणि जिच्या घरात ती नाही तिला जास्त वेळ देऊन शिकवायला हवी. पण शिकवणं वेगळं आणि स्टेजवर, शंभर लोकांसमोर, आजीच्या गोष्टीत तिची जीभ मोजणं वेगळं.

या महिन्यात त्याच स्पर्धेचं परीक्षक म्हणून पुन्हा बोलावणं आलंय. मी संयोजकांना फोन करून म्हणालो, 'उच्चारशुद्धी'चा रकाना काढून 'आवाज आणि स्पष्टता' असं करा. ते म्हणाले, 'साहेब, गुणपत्रिका छापून झाल्यात, पुढच्या वर्षी बघू.' बघू म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. मी पेनानं खोडून तसं लिहिणार आहे. त्यांना चालत नसेल तर शाल-नारळ त्यांच्याकडं राहू दे.

ती मुलगी आता बारावीला आहे. तिच्या सरांकडं निरोप दिलाय, की तिचं ते पाण्याचं भाषण मला इथं टाकायचंय, होतं तसं, एकाही न चा ण न करता, आणि तिची हरकत नसेल तरच. तिचा निरोप अजून आलेला नाही.